चार नंबरच्या चित्राचा आहेर

४ फेब्रुवारी

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एकदा आम्ही लासूर स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट बघत बसलो होतो. माझ्या मांडीवर डबा, डब्यात तिखट-मीठ लावलेल्या काकडीच्या फोडी. समोरच्या रुळावर मालगाडी उभी होती आणि विश्वजीत तिच्या एका डब्याकडे टक लावून बघत होता. "काय बघताय?" मी विचारलं. "गंज," तो म्हणाला. हातातली फोड त्याच्या हातातच राहिली. बाकीच्या मी संपवल्या, आमची गाडी आली, आम्ही चढलो. बस, एवढंच. आज दुपारी तो बाक अचानक आठवला, कारण विश्वजीतनं आज आपली सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली.

(डायरीत मी त्याला नावानं लिहिते. समोर 'अहो'. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या, नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारावी. त्यांना स्वतःला नवरा नव्हता, त्यामुळं सोपं होतं.)

वाळूजच्या कारखान्यात तो तीस वर्षं पेंट शॉपमध्ये होता. गाडीच्या पत्र्यावर एक डाग राहू नये म्हणून तीस वर्षं भांडला, आणि रिटायर झाल्यापासून नुसते डागच काढतोय. सात मोठी चित्रं झाली. त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. गेल्या महिन्यात त्यांचं तीन दिवस प्रदर्शन भरवलं. माणसं बरीच आली. "यात काय आहे?" असं कुणी विचारलं की विश्वजीत उलट विचारायचा, "तुम्हाला काय दिसतं?" आणि समोरचा माणूस तोंडी परीक्षेला उभा केल्यासारखा घाबरायचा. अभिप्रायाच्या वहीत सगळीकडे 'छान', 'अप्रतिम', 'शुभेच्छा'. चित्र एकही गेलं नाही.

मी दाराजवळच्या टेबलावर होते. जो तो मलाच गाठायचा, वहिनी, तुम्ही तरी सांगा. मी म्हणायचे, "मला बाई यातलं ओ की ठो कळत नाही, तुम्ही आधी चहा घ्या." सगळे हसायचे, मोकळे व्हायचे. मी नसते तर तिथं फारच सुतकी वातावरण झालं असतं.

आज विश्वजीत म्हणाला, पाडव्याला सातही चित्रांवर पांढरा हात मारतो आणि कोरे कॅनव्हास कुठल्या तरी शाळेला देऊन टाकतो. मी म्हटलं, अहो, असं काय करता? तर म्हणाला, "चित्र बघणाऱ्यापाशी पुरं होतं. बघणाराच नसेल तर ही अर्धी चित्रं घरात कशाला?" रिक्षाचं भाडं सांगावं इतक्या शांतपणे म्हणाला. मला रडू आलं ते मी कांद्यावर घातलं.

७ फेब्रुवारी

जेवताना विषय काढला. म्हटलं, एवढाली चित्रं घेणार कोण? लोकांच्या भिंती केवढ्या, खिसे केवढे. आपण छापील प्रती काढू, स्वस्तातल्या.

"छापील प्रत म्हणजे चित्राचा आधार कार्डावरचा फोटो," विश्वजीत म्हणाला.

"मग रेडिओवर गाणं ऐकता तेव्हा गाणारी समोर बसलेली असते का? तरी मान डोलावताच ना?"

"गाणं वेगळं."

"कसं वेगळं?"

"भाजी वाढ."

मी भाजी वाढली.

आमच्या कॉन्व्हेंटच्या वर्गात एका कॅलेंडरचं चित्र होतं. मेरी आणि बाळ. मधोमध घडी पडलेली, आणि छापताना काही तरी चुकून बाळाच्या पायाचा अंगठा निळा झालेला. सिस्टर म्हणायच्या, खरं चित्र इटलीत आहे, ते बघाल तर वेड्या व्हाल. मला इटलीतलं नको होतं. गणिताच्या तासाला मी त्या निळ्या अंगठ्याकडे बघत बसायचे. मला वाटायचं, बाळ कुणाचं लक्ष नसताना शाईच्या दौतीत पाय बुडवून आलंय आणि त्याच्या आईला अजून कळलेलं नाही. ते चित्र कुणी काढलं ते मला आजही माहीत नाही, पण ते माझं होतं. विश्वजीतला हे सांगायला गेले तर तो झोपला होता.

संध्याकाळी लासूरहून पत्रिका आली. सर्जेरावनं नवं घर बांधलंय, वीस तारखेला वास्तुशांती. सर्जेराव म्हणजे विश्वजीतचा भाचा, त्याची कांद्याची आडत आहे. त्याची आई मनकर्णाबाई ही विश्वजीतची थोरली बहीण, माझ्या वन्सं. म्हणजे मामाचा आहेर आलाच. पत्रिका हातात धरूनच मला कल्पना सुचली, आणि सुचल्यावर इतकी आवडली की मी दोनदा चहा केला.

११ फेब्रुवारी

मुकुंदवाडीत अंगदचं फ्लेक्सचं दुकान आहे. आत पाऊल टाकलं की चारी भिंतींवरून पुढारी एकदम हात जोडतात. आमच्या लेकीनं, श्रेयानं, प्रदर्शनासाठी पुण्याहून येऊन चित्रांचे चांगल्या कॅमेऱ्यानं फोटो काढले होते, ते माझ्याकडे होतेच. मी चार नंबर निवडलं. वर विटकरी रंग, खाली राखाडी, मध्ये तिरका निळा डाग. आमच्या सोफ्याला शोभतं.

अंगदनं स्क्रीनवर चित्र उघडलं, मोठं केलं, लहान केलं. मग हळूच म्हणाला, "मॅडम, फाइल करप्ट झाली वाटतं."

"नाही रे, चित्रच तसं आहे."

"अच्छा, डिझाइन आहे. मग फोटो कुणाचा टाकायचा यात?"

"कुणाचाच नाही."

"अन् एवढी जागा मोकळी?"

"मोकळीच राहू दे."

"तुमची मर्जी. मी म्हटलं साहेबांचा टाकू, एकदम भारी दिसंल." तो फारच हिरमुसला. फ्लेक्सवर चकाकी येते म्हणून मी साध्या कॅनव्हासवर दोन प्रती सांगितल्या, चौकटीसकट. साडीच्या निम्म्या किमतीत दोन्ही. "आहेराचं आहे का?" त्यानं विचारलं. हो म्हटलं. "मग कुणाकडून, ते लिहून ठेवा." मी लिहून दिलं. पावतीसाठी असेल.

विश्वजीतला सांगितलं, वाती आणायला गेले होते. वाती आणायच्या राहिल्याच.

२० फेब्रुवारी

आत्ताच लासूरहून आले. पाय दुखतायत, पण आजचं आजच लिहायला हवं.

विश्वजीत आला नाही. कंबर धरली म्हणाला. मामाच नाही म्हटल्यावर मी आधीच चोरासारखी. वन्संनी दारातच विचारलं, "भाऊ कुठंय?"

"कंबर धरलीय त्यांची."

"कंबर नाय, रुसवा आसंल. लहानपणापसून त्येला रुसवा आला की अंगातलं काय तरी धरतंच."

पूजा झाली आणि आहेर सुरू झाले. एक माणूस माइकवर प्रत्येकाचा आहेर पुकारत होता. घड्याळं, मिक्सर, पुन्हा घड्याळं. "यजमानांचे मामा-मामी, छत्रपती संभाजीनगर, यांच्याकडून भरजरी साडी, पूर्ण पोशाख, आणि..." त्यानं चित्रावरचा कागद फाडला आणि थांबला. सगळा मांडव थांबला. "आणि देवाचा फोटो!" मागून कुणी तरी म्हणालं, "देव कुठंय त्यात?" "...आणि निसर्गाचा फोटो!"

मी मात्र दुसरंच बघत होते. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'सप्रेम भेट, मामा-मामी', आणि त्याला लगटून दोन टपोरे गुलाब. अंगदचं काम. तसं त्याचंही चुकलं नाही. आमच्याकडे भांडं असो, घड्याळ असो, देणाऱ्याचं नाव त्यावर असतंच. बिननावाचा आहेर त्याला चोरीचा माल वाटला असणार. मला वाटलं, भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. तीस वर्षं डागाशी भांडलेल्या माणसाच्या चित्रावर गुलाब!

चित्र हॉलमध्ये लागलं. चार जणी जमल्या. "मामी, काय हाय हे?" माझ्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं होतं, तेवढ्यात कुणी तरी मला पंगतीत जिलबी वाढायला ओढून नेलं. अर्ध्या तासानं परत येते तर चित्रापुढं ही गर्दी आणि आत भांडण.

सर्जेराव हातवारे करून सांगत होता, "आरं, हा चाळीत साठवलेला कांदा हाय. वरून बघ कसा लालबुंद. अन् हितं बघ, निळी बुरशी. आतून सड लागली. लई बेक्कार. मला तर बघूनच धडकी भरू राह्यली."

"तुमाला झोपंत बी कांदाच दिसतो," त्याची बायको मोनिका म्हणाली. "ही गच्चीवरची टाकी हाय. गळू राह्यली. मिस्त्री आणा, मिस्त्री आणा म्हणून मी महिनाभर ओरडू राह्यले, अन् मामांनी चित्र बी काढून पाठवलं, तरी तुमाला दिसंना."

हशा पिकला. मग वन्सं पुढं आल्या. त्यांनी चित्रावरून तळवा फिरवला. "सपाट हाय की. मला वाटलं हाताला लागंल." मग दोन पावलं मागं सरल्या. "काय तरी सांडलंय," म्हणाल्या. "कोणी तरी पदरानं पुसलंय. पण गेलं नाय." आणि नंतर जेवायलाही त्या तिथंच, चित्रासमोर बसल्या.

येताना गाडीत मला भीतीच वाटत राहिली. विश्वजीतला कळलं तर तो पाडव्याची वाट बघायचा नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळी सात वाजता विश्वजीतच्या फोनवर सर्जेराव! मी पोळ्या लाटत होते. विश्वजीत गॅलरीत गेला आणि बराच वेळ बोलत राहिला. मी कानात प्राण आणून ऐकत होते, पण कुकरनं घात केला. आत आल्यावर विचारलं, काय म्हणतो सर्जेराव? तर म्हणाला, "कांद्याचं काही तरी."

वाचले. लासूरची माणसं तशी समजूतदार आहेत.

जेवताना विश्वजीतनं मधेच विचारलं, "बुरशी निळी असते का गं?" मी म्हटलं, लिंबाच्या लोणच्यावर पांढरी येते. हल्ली त्याला काहीही सुचतं.

२७ फेब्रुवारी

विश्वजीत एकटाच लासूरला जाऊन आला. बहिणीला भेटून येतो म्हणाला. म्हणजे कंबर बरी झाली. माझा दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. दिवेलागणीला आला तो कांद्याची गोणी घेऊन, आणि चक्क गुणगुणत.

"घर कसं आहे सर्जेरावचं?" मी जपून विचारलं.

"गच्चीवरची टाकी गळते त्याची."

म्हणजे वर गच्चीवर बसून परत आलेला दिसतोय, हॉलमध्ये गेलाच नाही. देव पावला. नंतर वन्संबद्दल म्हणाला, "अक्का म्हातारी झाली गं. पण बोलते चांगलं." मला वाटतं, बहिणीला बघून त्याचं मन जरा हळवं झालंय. दोनदा भात घेतला.

५ मार्च

दुसरी प्रत मी स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागं लपवली होती. ती आक्काबाईनं शोधून काढली. आक्काबाई आमच्याकडे शेळीचं दूध घालते. श्रेयाच्या लहानपणी सुरू केलं ते बंद करायचं राहून गेलं. तिच्या घरच्यांची मेंढरं आहेत, आणि आता शहराबाहेर दोन खोल्यांचं पक्कं घर झालंय.

"बाई, ह्यो फोटो असा तोंड लपवून का उभाय?"

"तुला हवाय का?"

"द्या की. भित उघडी दिसती." तिनं चौकट उचलून उजेडात नेली. गुलाबांकडे बघितलंही नाही. "ही आमची खूण हाय बघा."

"कसली खूण?"

"मेंढराच्या पाठीवर रंग लावतो ना आमी, कळपात वळखू यावं म्हणून. आमचा निळा."

"पण मेंढरू कुठाय? पाय नाहीत, तोंड नाही."

"आता कळपात काय पाय दिसत्यात व्हय? पाठीच दिसत्यात." तिला माझ्या अज्ञानाची कीव आली. "ह्ये खालचं धुळीचं. बाकीची मेंढरं गेली म्होरं. ही मागं राह्यली. येडी असंल."

पिशवीत घालून घेऊन गेली. मी तिला बजावलं, साहेबांना बोलू नकोस. ती म्हणाली, "मी कशाला बोलू? विचारल्याबिगर मी काय बोलतच नाय."

१२ मार्च

विश्वजीत आता दूध आणायला स्वतः जातो, थेट आक्काबाईच्या घरी. सांध्यांना शेळीचं दूध चांगलं म्हणे. आयुष्यभर त्या दुधाच्या वासानं नाक मुरडलं, आणि आता जायला-यायला धरून दोन तास घालवतो. अंगाला शेळ्यांचा वास घेऊन येतो आणि खुशीत असतो. वय झालं की माणसाला तब्येतीची काळजी वाटू लागते, बरंच आहे.

आज चित्रांच्या खोलीचं दार उघडं होतं. केर काढायला गेले तर चार नंबर सरळ, तोंड बाहेर करून ठेवलेलं. वाटलं, पुसताना चुकून मीच फिरवलं की काय. तो यायच्या आत फडक्यानं पुसलं आणि पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवलं.

दुपारी तो त्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. चहासुद्धा अर्धाच प्यायला. बरं झालं, मी चित्र वेळेवर फिरवलं ते. नाहीतर आणखी चिडला असता.

१८ मार्च

अंगदचा फोन आला. "मॅडम, गुलाब काढले बरं का. नाव बी काढलं. जसं सांगितलं तसं एकदम प्लेन."

"मी कधी सांगितलं?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "आं? अच्छा, ते दुसऱ्या पार्टीचं आहे. सॉरी हां, मॅडम." त्याच्याकडे गर्दी फार, गडबड होणारच.

पाडवा जवळ आला आणि मी कुठवर पोचले? दोन प्रती, दोन भिंती. त्याही फुकट दिलेल्या. एवढ्यानं काय होणार? आज धीर करून विश्वजीतला म्हटलं, अहो, राहू द्या ना ती चित्रं, खायला मागतात का? तर तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी काही तरी आणखी बोलेन असं त्याला वाटलं असावं. पण मला पुढं काय बोलावं सुचेना, म्हणून मी म्हटलं, चहा ठेवू का?

"ठेव," म्हणाला.

२६ मार्च

आला. पांढऱ्या रंगाचा डबा आला. मोठा, बादलीएवढा. विश्वजीतनं तो चित्रांच्या खोलीत नेऊन ठेवला आणि वर्तमानपत्र वाचत बसला, जसं काही घरात तेलाचा डबा आलाय.

मी मागच्या खोलीत जाऊन श्रेयाला फोन लावला. सगळं सांगितलं. प्रती, आहेर, गुलाब, आक्काबाई. श्रेया हसत सुटली.

"आई, तू बाबांना कधी सांगितलंयस, त्यांची चित्रं तुला कशी वाटतात?"

"मी काय सांगणार? मला यातलं काय कळतं?"

"आई!"

"अगं, तुझ्या बाबांना माहितीय ते. मी सगळ्यांसमोर सांगते."

फोन कट झाला. पुण्यात एवढ्या मोठाल्या इमारती, रेंज कुठून मिळणार.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड गाळून ठेवलं. अकराच्या सुमाराला विश्वजीत एकेक चित्र उचलून हॉलमध्ये आणू लागला. सातही ओळीनं भिंतीला टेकवली. मग तो डबा आणला, वर चार इंची ब्रश ठेवला. मी गॅस बंद करून दारात आले.

"बस," तो म्हणाला.

"मी नाही बघणार हे."

"बस तर."

मी खुर्चीत बसले. त्यानं चार नंबर माझ्यासमोर आणून ठेवलं.

"सर्जेरावला यात सडलेला कांदा दिसतो," तो म्हणाला. "मोनिकाला टाकी. अक्का म्हणते, काही तरी सांडलंय, पुसलं तरी गेलं नाही. आक्काबाईचं मेंढरू मागं राहिलंय. आधी वेडं होतं, परवापासून ते लंगडं झालं. तिच्या सुनेला ते मेंढरू पटत नाही, तिला जत्रेतला तंबू दिसतो. दोघी आठवडाभर भांडतायत."

मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी. सर्जेरावचा फोन आला. म्हणाला, मामा, त्या फोटोची किंमत सांगा, परतीचा आहेर तोलामोलाचा करायचाय."

म्हणजे त्या सकाळी कुकर ओरडत होता तेव्हाच! महिनाभर मी फ्रिजमागं चित्रं लपवत होते आणि हा माणूस लासूरला जाऊन, शेळ्यांत बसून, लोक काय बघतात ते ऐकत होता, आणि अंगदकडून गुलाबही काढून घेत होता. मला राग यायला हवा होता. तो आला नाही.

"छापील प्रतीला हात लावला तर सपाट लागतं, हे खरं," तो म्हणाला. "पण अक्का रोज तिच्यासमोर बसून जेवते. माझ्या खऱ्या चित्रासमोर कोण जेवलंय?" मग जरा थांबून म्हणाला, "तुला काय दिसतं?"

"छान आहे," मी म्हटलं.

"छान नको."

"अहो, मला यातलं..."

"योगिनी."

नावानं तो मला फार कमी वेळा हाक मारतो.

"रोज बघतेच की मी. धूळ कोण पुसतं?"

"धूळ बघतेस. चित्र बघ."

मी बघितलं. आधी सोफ्याचा रंग दिसला. मग एका कोपऱ्यात खरंच धूळ दिसली आणि हात शिवशिवले. मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर कुणाच्या तरी गुढीच्या साखरेच्या गाठीवरून पोरांची मारामारी चालली होती. मला वाटलं, आपण नापास होणार, आणि त्या ब्रशकडे माझं लक्ष गेलं. म्हणजे मी नापास झाले तर चित्रं जाणार. मग मी ब्रशकडे बघायचं सोडून दिलं.

"कुणी तरी अंथरुणातून आत्ताच उठून गेलंय," मी म्हटलं. आवाज माझाच होता. "हा निळा म्हणजे गादीवर राहिलेला खड्डा. हात लावला तर अजून ऊब असेल. कोण उठून गेलं ते माहीत नाही. परत येईल की नाही तेही नाही."

आणि मग मला ते दिसलं. खाली उजवीकडे, प्रतीवर गुलाब होते त्या जागी, एक बारीक पिवळी रेघ. इतकी वर्षं पुसतेय, कधी दिसली नव्हती.

"आणि ही पिवळी रेघ मला अजिबात आवडली नाही," मी म्हटलं. "भित्री आहे. कुठं तरी जायला निघाली आणि मधेच थांबली. न्यायची तर पुढं न्यायची, नाहीतर काढायचीच नव्हती. चांगल्या चित्राचा विचका केलाय हिनं."

बोलून गेले आणि जीभ चावली. म्हटलं, आता उचलतोय ब्रश.

विश्वजीत हसायला लागला. आधी हळू, मग ठसका लागेपर्यंत. मी पाणी आणलं, ते त्यानं हातात धरलं आणि प्यायलाच नाही. डोळे पुसत म्हणाला, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, पहिल्यांदा तू माझ्या चित्राला नावं ठेवलीस."

"मग? वाईटाला वाईट म्हणायचं नाही का?"

"म्हण ना. कुठं न्यायला हवी होती ती रेघ?"

"मला काय विचारता? चित्र तुमचं."

"अर्धं," तो म्हणाला.

मग आम्ही त्या रेघेवरून तासभर भांडलो. तो म्हणतो, ती थांबलेली नाही, ऐकतेय. मी म्हणते, ऐकायचं असेल तर सरळ उभं राहून ऐकावं. श्रीखंड तसंच राहिलं, पुऱ्या गार झाल्या. जेवण झाल्यावर त्यानं माळ्यावरून एक नवा कोरा कॅनव्हास काढला आणि त्या डब्यातला पांढरा रंग त्याला लावला. कोऱ्या कापडाला आधी पांढरा हात द्यावाच लागतो म्हणे. हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी विचारलं, डबा आणला तो यासाठीच का? तर म्हणाला, "दोन्हीसाठी पुरला असता."

आता तो आतल्या खोलीत आहे. मी इथं बसून उद्या अंगदला द्यायच्या सूचना लिहितेय, विश्वजीतनं सांगितल्या तशा, मधूनमधून माझ्या.

सात चित्रांच्या प्रती काढायच्या, कुठल्याही घड्याळापेक्षा महाग पडता कामा नयेत. कुणाचंही नाव नको, फोटो नको, फुलं नकोत. वन्संना पाच नंबर, आकारानं मोठं, कारण त्यांना आता कमी दिसतं. त्यांच्या घरातली गुलाबांची प्रत बदलायची नाही, ते गुलाब त्यांना आवडतात. सर्जेरावला एक नंबर, ते तो आडतीवर लावू दे. मोनिकाला चार नंबर वेगळं, तिच्या स्वतःच्या खोलीसाठी, कारण टाकी आणि कांदा एका भिंतीवर नांदणार नाहीत. आक्काबाईला काय द्यायचं ते आपण ठरवायचं नाही. तिला आणि तिच्या सुनेला रिक्षानं घरी आणायचं, सातही मूळ चित्रांपुढं बसवायचं, आणि त्या बोट दाखवतील ते द्यायचं. दोघींना वेगवेगळं. श्रेयाला सहा नंबर, गुंडाळी करून कुरियरनं, सोबत माझा निरोप की मी सांगितलं एकदाचं. एक प्रत अंगदनं स्वतःच्या दुकानात लावायची, पुढाऱ्यांच्या मधोमध, आणि मोकळी जागा मोकळीच ठेवायची.

मूळ चार नंबर कुणालाही द्यायचं नाही. ते माझ्या खुर्चीसमोर लावायचं, हाताला लागेल एवढ्या उंचीवर. आणि त्या पिवळ्या रेघेला विश्वजीतनं परस्पर हात लावायचा नाही. आमचं अजून बोलणं चाललंय.